लसूणघास, उंदीर आणि नववा आठवडा

मागच्या दोन शनिवारी काहीच लिहिलं नाही. एकदोघांनी विचारलंही, "काय गं, रिलीज आहे का?" मी हो म्हणून टाकलं. रिलीज वगैरे काही नव्हतं. मला दिवस गेले होते आणि नवव्या आठवड्यात ते संपलं. सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई पडद्यावर बराच वेळ शोधत राहिल्या, मग म्हणाल्या, "ठोके दिसत नाहीयेत." बस्स. एवढंच वाक्य.

हे इथे लिहायचं की नाही यावर नवऱ्याशी दोन रात्री बोलले. शेवटी तोच म्हणाला, "तू कालव्यांवर लिहितेस, टपाल खात्यावर लिहितेस, मग यावर का नाही? यालाही इतिहास असेलच की." आहे. चांगला शंभर वर्षांचा आहे, आणि त्यातला एक तुकडा तर आपल्या परळमध्ये घडलाय. तर मंडळी, आज त्यावर. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

आराम करायला म्हणून मी माहेरी आले, सांगवीला. (पिंपरीजवळचं सांगवी नव्हे हो! कंपनीत दर वेळी हा खुलासा करावा लागतो. आमचं सांगवी बारामती तालुक्यातलं, नीरेच्या काठचं. नदी ओलांडली की फलटण तालुका.) ऊस आणि गाई यांचा मुलूख. बातमी पसरायला अर्धा दिवस पुरला आणि बायका भेटायला यायला लागल्या. येणारीकडे माया होती, यात शंका नाही. पण येणाऱ्या प्रत्येकीकडे एक कारणही तयार होतं. पपई खाल्ली असशील. गाडीवर मागे बसून हिंजवडीला जात होतीस ना? ते लॅपटॉप मांडीवर घेऊन बसता तुम्ही पोरी. एसीत बसून अंगात गारठा धरतो. उशिरा लग्न केलंस. रात्रीचं जागरण.

आमच्या धंद्यात याला रूट कॉज ॲनालिसिस म्हणतात. फक्त आमच्याकडे आधी लॉग बघतात, मग बोलतात. इथे लॉग नाही, पुरावा नाही, थेट निकाल. आणि कारणं दहा असली तरी आरोपी सगळ्यांत एकच. मी.

संध्याकाळी गोठ्यात आज्जीपाशी जाऊन बसले. आज्जी ऐंशीच्या पुढे आहे, पण अजून गाईंना वैरण तिच्याच हाताने लागते. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "गाय गाभाडली की आपण वैरण बघतु. पेंडीला बुरशी आली का, कडबा भिजला का. गाईला कुणी बोलत न्हाई. बाय गाभाडली की मातूर बाईलाच बघत्यात."

मी काहीच बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

त्यातच सासरच्या नात्यातल्या एकांनी प्रेमाने कॅप्सुलांचा एक डबा पाठवला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'ॲन्टीऑक्सिडंट', आणि आतल्या कागदावर लिहिलेलं, की गर्भ न टिकण्याचं मूळ 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे आहे. किंमत बघून धक्काच बसला. पण म्हटलं, हे निदान तपासता तरी येईल. पपईवाल्या मावशींशी वाद घालता येत नाही, या कागदाशी घालता येतो. पुढचे पंधरा दिवस पलंगावर पडल्यापडल्या मी हेच वाचत होते.

आधी या शब्दाचा अर्थ. घरात शेंगदाणे जास्त दिवस राहिले की खवट होतात, तेल जुनं झालं की वास मारतं. त्यातल्या स्निग्ध पदार्थाशी हवेतल्या ऑक्सिजनची प्रक्रिया होते. एक रेणू बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला... अशी साखळी चालते. आपल्या शरीरातही ऑक्सिजन वापरताना असे तापट रेणू सतत तयार होत असतात. त्यांना आवरायला शरीराकडे स्वतःची यंत्रणा असते. त्यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी १९६९ साली ओळखलं. तापट रेणूंची निर्मिती आणि आवर घालणारी यंत्रणा यांचा तोल गेला की पेशींच्या भिंती 'खवट' व्हायला लागतात. त्या स्थितीला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे नाव जर्मनीच्या हेल्मुट झीस यांच्या १९८५ च्या लेखनातून रूढ झालं.

नाव १९८५ चं. पण गोष्ट सुरू होते १९२२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला, उंदरांच्या पिंजऱ्यात.

हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप हे दोघे उंदरांना ठरावीक शुद्ध आहार देत होते. केसीन, मक्याचा स्टार्च, डुकराची चरबी, थोडं लोणी, क्षार, यीस्ट. तेव्हा माहीत असलेली सगळी जीवनसत्त्वं त्यात होती. उंदीर धडधाकट वाढत. माद्यांना गर्भ राहत असे, रुजतही असे. आणि मग मध्येच गर्भ मरून आतल्या आत विरून जाई. दर वेळी. आता बघा, या दोघांनी मादीला दोष दिला नाही. आज्जीसारखं केलं, वैरण बघितली. आहारात लेट्यूसची हिरवी पानं घातली आणि पिल्लं जन्मली. गव्हाच्या अंकुरानेही तेच झालं. आणि अल्फाल्फाच्या वाळलेल्या पानांनीही.

अल्फाल्फा म्हणजे काय हे बघितलं आणि मी उठून बसले. अल्फाल्फा म्हणजे लसूणघास! आमच्या गोठ्यामागे दोन वाफे आहेत त्याचे. आज्जी गाभण गाईला मूठभर जास्त टाकते तोच.

त्या अज्ञात घटकाला १९२४ मध्ये 'ई' हे अक्षर मिळालं. १९३६ मध्ये इव्हान्सच्या चमूने तो गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळा काढला आणि ग्रीकच्या एका प्राध्यापकांना विचारून त्याचं नाव ठेवलं टोकोफेरॉल. टोकोस म्हणजे बाळंतपण, फेरीन म्हणजे वाहणं. आज आपण हे व्हिटॅमिन चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये शोधतो, पण त्याच्या नावातच बाळंतपण आहे. तो स्निग्ध पदार्थांना खवट होऊ देत नाही, म्हणजे ती साखळी मध्येच तोडतो, हे कळलं तेव्हा कोडं सुटलं. चरबी खवट झाली की तिच्याबरोबर हा घटकही नष्ट होतो. आजही गाईंचे डॉक्टर व्यायल्यावर जार अडकू नये म्हणून काही गाभण गाईंना ई आणि सेलेनियमचं इंजेक्शन देतात. आमच्या गोठ्यात ते मी लहानपणापासून बघत आलेय. ते बर्कलीच्या पिंजऱ्यातून आलंय हे मात्र परवा कळलं.

मग सोपं आहे की! उंदराला चाललं, गाईला चालतं, बाईला द्या. १९३० च्या दशकात कॅनडात इव्हान शूट या डॉक्टरांनी अगदी हेच केलं, गर्भपाताची भीती असलेल्या बायकांना गव्हाच्या अंकुराचं तेल दिलं. पण त्या उंदरांच्या आहारातून 'ई' पूर्णपणे काढलेलं होतं. माणूस इतका रिकामा आहार सहसा खात नाही. घाण्याचं तेल, शेंगदाणे, पालेभाज्या, कशातून तरी ते मिळतंच. जिथे कमतरता नाही तिथे भर घालून काय होणार?

आता परळचा तुकडा.

१९२८ च्या अखेरीला ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदरपणात बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. तांबड्या पेशी कमी, पण आकाराने फुगलेल्या. अनेक बायका त्यात दगावत. विल्सचा तळ परळच्या हाफकिन संस्थेत होता. तिने आधी काय केलं? घरं बघितली. शकुंतला तळपदे या भारतीय सहकारी स्त्रीबरोबर तिने मुंबईतल्या बायकांच्या खाण्याची आणि राहणीची पाहणी केली, आणि ती १९३० मध्ये प्रसिद्धही झाली. याच तळपदेबाईंनी डॉ. मार्गारेट बालफोर यांच्याबरोबर गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांचाही अभ्यास केला. एक मराठी आडनावाची बाई शंभर वर्षांपूर्वी चाळीचाळींतून हिंडून 'तुम्ही काय जेवता' हे वहीत लिहून घेतेय, आणि मला तिचं नाव अठ्ठाविसाव्या वर्षी कळतंय. शाळेत का नाही सांगितलं कुणी?

विल्सनेही उंदीर वापरले. त्यांना मुंबईच्या गरीब बायकांचा आहार दिला. पण उंदरांना उवा होत्या, त्यातून संसर्ग झाला आणि निकाल गढूळ झाले. (प्रयोगात अक्षरशः बग! :) ) मग तिने माकडांवर काम केलं. शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रिटनमध्ये पावाला लावतात त्या मार्माइटने, बायका बऱ्या झाल्या. हे १९३१ मध्ये छापून आलं. त्यातला घटक दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, पालकाच्या पानांतून मिळाला आणि त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारी ती छोटी गोळी म्हणजे थोडी परळची, थोडी पालकाची.

इथपर्यंत वाचून मला वाटायला लागलं की आज्जीचंच खरं, वैरण बघायची. पण पुढचं प्रकरण वाचलं आणि पाय जमिनीवर आले.

१९३८ मध्ये इंग्लंडमध्ये डाइइथाइलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम हार्मोन तयार झालं. स्वस्त, गोळीत देता येणारं. बोस्टनच्या स्मिथ दांपत्याने ते गर्भपात टळावा म्हणून द्यायला सुरुवात केली आणि १९४० च्या दशकात त्याची लाटच आली. १९५३ मध्ये शिकागोत डीकमन यांनी नीट चाचणी केली. काहींना खरं औषध, काहींना खोटी गोळी, कुणाला काय ते कुणालाच माहीत नाही. सुमारे १,६०० बायका. निष्कर्ष: काहीही फायदा नाही. तरी ते दिलं जात राहिलं. आणखी अठरा वर्षं! १९७१ मध्ये हर्ब्स्ट यांनी दाखवलं, की ज्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतलं त्यांच्या मुलींना विशीच्या आसपास योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतोय. त्या आया बेफिकीर नव्हत्या. उलट बाळासाठी सगळं करायला तयार असलेल्या होत्या. माझ्यासमोर डबा होता म्हणून हे प्रकरण मी दोनदा वाचलं.

मग खरं कारण तरी काय? ते मोजायला दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे गुणसूत्रं बघण्याचं तंत्र. पॅरिसमध्ये बुए दांपत्याने सुमारे १,५०० गर्भपातांची गुणसूत्रं तपासली. १९७५ मध्ये आलेल्या त्यांच्या आकड्यांनुसार ६० टक्क्यांहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली होती. एखादं जास्त, एखादं कमी, कधी अख्खा संच जादा. ही चूक बहुतेकदा बीज तयार होतानाच किंवा पहिल्या विभाजनांतच होऊन गेलेली असते. पपईच्या आधी. गाडीच्या आधी. दिवस गेलेत हे कळायच्याही आधी.

दुसरी गोष्ट म्हणजे अगदी सुरुवातीचे दिवस पकडणारी लघवीची चाचणी. १९८८ मध्ये ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २२१ बायकांच्या लघवीचे रोजचे नमुने तपासले. १९८ गर्भधारणा सापडल्या. त्यांतल्या २२ टक्के कुणाला कळायच्या आतच संपल्या होत्या. नंतर कळून संपलेल्या धरल्या तर एकूण ३१ टक्के. जवळपास तीनांत एक. आणि ज्यांच्या गर्भधारणा अशा न कळता संपल्या, त्यांच्यातल्या ९५ टक्के बायकांना पुढच्या दोन वर्षांत पुन्हा दिवस गेले.

हा आकडा मी आईला वाचून दाखवला. आई भाकरी थापत होती. थांबली, आणि म्हणाली, "तुझ्या आधी माझं एक गेलं होतं. अडीच महिन्यांचं." मला अठ्ठावीस वर्षांत हे माहीत नव्हतं. "सांगितलं का नाहीस?" म्हटलं. "कुणाला सांगू? तुझी आत्या म्हणाली होती, विहिरीवर धुणं धुवायला गेली म्हणून झालं. मला तेच खरं वाटत होतं आत्तापर्यंत."

आत्तापर्यंत. तीस वर्षं!

असो. मग त्या डब्यावरचा शब्द खोटा होता का? तर नाही, आणि ही या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

आपल्याला वाटतं, पोटातल्या बाळाला पहिल्या दिवसापासून आईचं रक्त मिळत असेल. १९८७ मध्ये बेल्जियमच्या हुस्तिन आणि शाप्स यांनी दाखवलं, की पहिल्या तिमाहीत वारेपर्यंत आईचं रक्त जवळजवळ वाहतच नाही. भ्रूणाच्याच काही पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि बूच लावतात. पुढे ग्रॅहम बर्टन आणि एरिक जॉनियो यांनी केंब्रिजमधला जुन्या नमुन्यांचा संग्रह पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि ही बुचं तपासून घेतली. २००० साली त्यांनी मोजमाप छापलं. आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १६० मिलिमीटरच्या आसपास असतो. वारेच्या पोकळीत तो आठव्या आठवड्यात २० च्याही खाली असतो, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत ५० च्या वर जातो.

म्हणजे निसर्ग सुरुवातीला ऑक्सिजन मुद्दाम तोडतो! कारण त्या इवल्या पेशींकडे अजून आवर घालणारी यंत्रणा तयार नसते. तोवर पोषण येतं ते गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावातून. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात बुचं सैल होतात, तीही सगळी एकदम नाहीत, कडेची आधी. ऑक्सिजन चढतो, त्याबरोबर एन्झाइमंही वाढतात. कालव्याचं पाणी सोडताना दार एकदम पूर्ण उघडत नाहीत, तसंच.

गर्भ टिकत नाही तेव्हा पुष्कळदा हेच फसलेलं दिसतं. बुचं अपुरी असतात, रक्त लवकर आणि सगळीकडून घुसतं, दाब चढतो, आणि वारेच्या नाजूक आवरणाची नासाडी होते. सुमारे दोन तृतीयांश नमुन्यांत वारेची बांधणीच कच्ची दिसते. मग हे कारण की परिणाम? दोन्ही असू शकतं. गुणसूत्रांत चूक असली तर बूच लावणाऱ्या पेशीही कमी पडतात. सुरुवात कुठूनही झाली तरी शेवट बऱ्याचदा या वाटेने होतो. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे एरर मेसेज. तो खरा असतो, पण बग तिथेच असतो असं नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे ही बुचं आईच्या पेशींची नसतात, भ्रूणाच्या पेशींची असतात. गाडीच्या सीटवर बसून ती कुणी काढत नाही.

भ्रूणात अर्धा वाटा बापाचाही असतो, हे आमच्याकडे आलेल्या एकाही बाईला आठवलं नाही. शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड, जिच्यामागे बऱ्याचदा हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असतो, आणि गर्भपात यांचा संबंध २०१२ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसला आहे. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तरीच! गाडी तर मीच चालवत होतो." तीन आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो.

मग ॲन्टीऑक्सिडंट देऊन एरर मेसेज बंद करता येईल का? हेही तपासलं गेलंय. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये २,४०० हून अधिक बायकांना गरोदरपणी सी आणि ई चे मोठे डोस किंवा खोटी गोळी दिली. तिथे प्रश्न गर्भपाताचा नव्हता, गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकाराचा होता, पण तर्क हाच. विकार कमी झाला नाही. उलट कमी वजनाची बाळं औषधवाल्या गटात थोडी जास्त निघाली. गर्भपाताबद्दलच्या निरनिराळ्या चाचण्यांचं एकत्रित परीक्षणही झालंय. जीवनसत्त्वं घेतल्याने लवकरचे गर्भपात कमी होतात असं त्यात दिसत नाही. तापट रेणू थोड्या प्रमाणात पेशींना निरोप म्हणून लागतातही, सरसकट पुसून टाकणं बरं नसतं.

डबा मी परत पाठवला. गोड बोलून, आभार मानून.

पण वैरणीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. डॉ. शोभा राव यांनी त्यातल्या आहाराची आकडेवारी २००१ मध्ये मांडली. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात त्यांची बाळं मोठी होती. आणि रक्त तपासलं तर फॉलिक ॲसिड जवळपास सगळ्यांत पुरेसं, पण ६० टक्क्यांहून अधिक बायकांत बी-१२ कमी. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन साठतं, आणि ते ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवणाऱ्यांपैकी एक. वारंवार होणाऱ्या गर्भपाताशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही.

बी-१२ येतं दूध, अंडी, मांस यांतून. माझंही कमी निघालं. दुधाच्या गावात वाढलेल्या मुलीचं! आई म्हणाली, "दूध घरात होतं कुठं? सगळं डेअरीला जायचं. तुम्हाला चहापुरतं." आता डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून बी-१२ आणि फॉलिक ॲसिड घेतेय. माझ्यात कमी आहे म्हणून, 'गर्भ टिकतो' म्हणून नाही. या दोन वाक्यांतला फरक कळायला मला पंधरा दिवस लागले.

मुंबईत डॉ. रमेश पोतदार यांच्या नेतृत्वाखाली २००६ पासून वस्त्यांमधल्या साडेसहा हजार बायकांवर एक मोठी चाचणी झाली. गर्भ राहायच्या आधीपासून रोज एक खाऊ. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध, दुसऱ्याच्या खाऊत कमी पोषणाच्या भाज्या. सगळ्या मिळून बाळांच्या वजनात ठाम फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याआधी निदान तीन महिने खाऊ खाल्ला त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी वजनदार होती. छोटा आकडा आहे. पण बघा, वैरण बघायची तर आधीपासून बघावी लागते. बाईला दिवस गेल्यावर नव्हे, ती पोरगी असल्यापासून.

आत्ता हे लिहितेय तेव्हा आमच्या शेताच्या बांधावर ऊसतोडीची टोळी उतरली आहे. कोप्या उभ्या राहिल्यात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस चुकला की खाडा कापतात. त्यात एक पोरगी आहे, माझ्याहून सातआठ वर्षांनी लहान, पाचवा महिना असेल. पहाटे फडात असते. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. विल्स आणि तळपदेबाई आज वही घेऊन निघाल्या असत्या तर आधी इथेच आल्या असत्या.

मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मला ती मिळाली. एचआरला एक मेल टाकला, प्रमाणपत्र जोडलं, झालं. म्हणूनच मी पलंगावर पडून शंभर वर्षांचा इतिहास वाचू शकले. त्या पोरीला पगारी रजा नाही, खाडा आहे.

काल आज्जीला सगळं थोडक्यात सांगितलं. उंदीर, लसूणघास, बुचं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुझ्या वैरणीचं काय निघालं?" म्हटलं, "बहुतेक काहीच नाही आज्जी. बहुतेक बीजातच चुकलं होतं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पेरल्यालं समदं उगवत न्हाई. त्यात वाफ्याचा काय दोष?" आणि उठून कोपीकडे गेली. हातात दुधाचा तांब्या होता. आता रोज नेते. डेअरीला तेवढं कमी जातं, वडील कुरकुरतात.

पपईवाल्या मावशी परवा पुन्हा आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "वन्सं, तिनं काही केलेलं न्हाई. माझंही गेलं होतं, मीही काही केलं नव्हतं." मावशी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी दोन गेली."

बाकी बरी आहे. सोमवारपासून ऑफिस. पुढच्या शनिवारी नीरेच्या कालव्यावरचा अर्धवट राहिलेला लेख पुरा करते, नक्की.